पाच अंश पुढे

फुटबॉलच्या निवड चाचणीला चार दिवस असताना एका सामन्यात समोरच्या संघाची गोलकीपर, जिला सगळे भिंत म्हणतात, धावत येऊन माझ्या पायावर आदळली. दोघींच्याही गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. माझी निवड हुकली. ऑपरेशननंतर पंधराव्या दिवशी व्यायामाला गेले, तर शेजारच्या खाटेवर तीच.

"कसा आहे गुडघा?" तिने विचारलं.

"तुझ्या कृपेने मस्त," म्हणून मी तोंड फिरवलं.

आईने कितीही समजावलं तरी मी तिच्याशी बोलले नाही. फक्त तिचा आकडा ऐकायचे. फिजिओ मॅडम तिला "सत्तर अंश" म्हणाल्या की मी दातओठ खाऊन पंचाहत्तरपर्यंत गुडघा वाकवायचे, डोळ्यांत पाणी आलं तरी. ती पंचाऐंशीला अडकली त्या दिवशी मी नव्वद गाठले आणि तिच्याकडे बघून मुद्दाम हसले. तीही हसली. त्याने तर माझं डोकंच फिरलं.

ती गेल्यावर मी मॅडमना म्हणाले, "नावाचीच भिंत. दम नाही तिच्यात."

मॅडम म्हणाल्या, "तू यायच्या आधी मी मोजते, तेव्हा तिचा गुडघा एकशे दहापर्यंत वाकतो. तू आलीस की ती अलीकडेच थांबते. म्हणते, माझ्यावरच्या रागाने का होईना, ती लवकर उभी राहील."

 

"मग उद्यापासून तिला पूर्ण वाकवायला सांगा," मी म्हणाले. "मुद्दाम सोडलेले गोल मी मोजत नाही."