निलगिरीवरचं रॉकेट

काठी हातभर कमी पडत होती. रंगाऱ्यानं रोलरच्या दांड्याला दुसरा दांडा बांधला, टोकाला तार वाकवून आकडा केला, तरी हातभर कमीच. गच्चीच्या कोपऱ्याला लागून निलगिरी होती, चार मजले ओलांडून वर गेलेली. तिच्या एका बेचक्यात रॉकेट अडकलं होतं. पुठ्ठ्याच्या नळीचं, नारिंगी. तो रंग त्यानंच दिला होता, कुठल्याशा दुकानाच्या शटरचा उरलेला.

"मिस्त्री, आता झाडालाही रंग देताय काय?" गच्चीच्या दारातून वॉचमननं विचारलं.

"पोरीचं रॉकेट आहे हो. हरवलं म्हणाली होती. आणि हे वर्षभर इथं लटकतंय! आत्ता दिसलं मला."

"मग आधी दोरी बांधा कमरेला."

"काम दोन मिनिटांचं, दोरीला दहा मिनिटं. तुम्ही व्हा पुढे, गेटवर कुणी नाही."

वॉचमन जरा घुटमळला आणि गेला. तो राहत होता त्याच बिल्डिंगची ही गच्ची; तिला वर्षभर कुलूप होतं. आज टाकी रंगवायची म्हणून ते उघडलं होतं. कुलूप का लावलं, हे दोघांनाही ठाऊक होतं. रंगाऱ्याची बायको याच कोपऱ्यातून खाली गेली होती.

पडली, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणत. पाठीमागे म्हणत, उडी मारली. त्यालाही तेच वाटे. त्या दिवशी सकाळी त्यानं दुधाच्या पातेल्यात ब्रश भिजत घातला होता. ती कडाडली. आपलं चुकलंय हे कळत असूनही तो चढ्या आवाजात म्हणाला, "जा एकदाची कुठेतरी, सुटेन मी!" आणि चहा न घेता निघून गेला. दुपारपर्यंत त्यानं फोन केला नाही. मग फोन आला तो शेजाऱ्यांचा.

कठड्याजवळ तिच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या सापडल्या. मेहुणा सगळ्यांदेखत म्हणाला, "तोल जाऊन पडणारं माणूस चपला काढून ठेवतं होय?"

पोरगी तेव्हापासून मिटली. बारा वर्षांची पोर, विचारलं तेवढंच बोलायची. हे रॉकेट हातात ठेवलं तर काहीतरी बोलेल, असं त्याला वाटलं. निदान हसेल तरी.

त्यानं चपला काढल्या आणि तो कठड्यावर चढला. डाव्या हातानं फांदी धरली, उजव्या हातानं दांडा पुढे केला. आकडा रॉकेटच्या पॅराशूटच्या दोऱ्यात गुंतला.

"बाबा!"

पोरगी दारात उभी होती. पाठीवर शाळेचं दप्तर तसंच. ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या चपलांकडे बघत होती.

"उतर. मला नको ते."

"अगं, आलंच बघ हातात—"

"आईपण असंच म्हणाली होती! आणते काढून, त्यात काय मोठंसं, म्हणाली होती!"

दांडा त्याच्या हातातून सुटला आणि फांद्यांवर आपटत चार मजले खाली गेला. तो वाकला, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि एकेक पाय जपून खाली टेकवत उतरला. मग तिथंच फरशीवर बसला.

पोरगी एका दमात बोलत सुटली. "मीच हट्ट केला होता. दुसऱ्या दिवशी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मी जेवलेच नाही. म्हटलं, शाळेतून येईपर्यंत काढून ठेव, नाहीतर बोलणारच नाही तुझ्याशी. आले तर खाली गर्दी. बाबा, मी सांगितलं म्हणून चढली ती. मी खोटं बोलले, हरवलं म्हणून."

रंगाऱ्यानं आपल्या चपलांकडे पाहिलं. कठड्याला लागून, नीट जोडून ठेवलेल्या. उंचावर चढायचं तर अनवाणी, पायाला धरायला मिळतं, हे लग्न झाल्यापासून तोच तिला सांगत आला होता. तिनं ऐकलं होतं. एवढंच झालं होतं.

ती त्याच्या बोलण्यावरून गेली नव्हती. भांडण विसरून, पदर खोचून, पोरीचं काम करायला वर आली होती. त्याच्या छातीवरचा दगड एकाएकी उतरला. खाली धावत जावं, मेहुण्याला फोन लावावा, सगळ्या बिल्डिंगला ओरडून सांगावं, असं वाटलं. तो उठायला लागला.

मग त्याला पोरीचा चेहरा दिसला. हा चेहरा त्याच्या ओळखीचा होता. दाढी करताना तो वर्षभर रोज आरशात त्यालाच बघत होता.

तो पुन्हा खाली बसला.

"तू सांगितलंस म्हणून नाही चढली ती," तो म्हणाला. "मी सांगितलं होतं."

"तू? तुला कुठे माहीत होतं?"

"आदल्या रात्री आईच म्हणाली मला, पोरीचं रॉकेट झाडात अडकलंय. सकाळी निघताना मी म्हटलं, कठड्यावरून हात पुरेल, काढून टाक. तू हट्ट केला नसतास, तरी ती चढलीच असती. मी सांगून गेलो होतो ना."

"मग तू कुणाला बोलला का नाहीस?"

"तुझ्यासारखाच. घाबरलो."

पोरगी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या खांद्यावरून दप्तर घसरलं आणि धपकन फरशीवर पडलं. तिनं ते उचललं नाही.

"आईशपथ?" तिनं विचारलं.

"आईशपथ," तो म्हणाला.