आतून कडी

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी घरच्या घरी करायचं किट मी मागवलं होतं. खोका उघडताच सासरे कडाडले, “असले उद्योग या घरात चालणार नाहीत!” सासूबाईंनी खोका माझ्या हातातून हिसकावला, “ऐकलंस ना?” म्हणत माझ्यावरच डाफरल्या आणि तरातरा आत गेल्या.

थोड्या वेळाने सासरे बाथरूमचं दार बडवू लागले. “सूनबाई, आवर लवकर! किती वेळ?”

मी तर त्यांच्या मागेच उभी होते, टॉवेल घेऊन.

आतून सासूबाईंचा आवाज आला, “सूनबाई, तुझ्यासाठी दुसरं मागव गं. आणि अहो, दवाखान्यात याच तपासणीच्या टेबलावर मी कळवळले, तेव्हा तुम्ही पडद्याबाहेरून ‘गप्प पडून राहा’ म्हणालात. आज तुम्ही गप्प उभे राहा.”