डागडुजी

म्हाताऱ्या गवंड्याच्या पायाची जखम दोन महिने झाले तरी भरत नव्हती. दवाखान्यातली आहारतज्ज्ञ मुलगी रोज सकाळी फोन करायची.

"काका, अंडी खाल्लीत? दूध घेतलंत? अहो, पेशीतल्या डीएनएची डागडुजी करायला, नवं मांस भरायला शरीर तयारच बसलंय. पण माल नको का पोचायला?"

"खाल्लं की, पोटभर."

"मग घोडं अडतंय कुठं? एकदा जखम भरू दे, म्हणजे माझा रोजचा फोन बंद. सुटाल तुम्ही!"

"सुटेन," तो म्हणाला.

फोन ठेवून त्याने उकडलेली दोन्ही अंडी मांजरीपुढे ठेवली. दिवसभरात त्याला तेवढाच एक फोन यायचा. आणि काम लांबवायचं असेल तर माल अडवून धरायचा, हे काही गवंड्याला शिकवावं लागत नाही.