दिलेले केस

“टोकांनाही कात्री लावू नको गं. दिलेले आहेत ते.”

अम्मा असं म्हणायची आणि मान पुढं करून पाटावर बसायची. धनलक्ष्मी तिचे केस धुवायची. पांढरेशुभ्र, लाटालाटांचे, कमरेखाली उतरलेले. डाव्या कानाच्या वर हात जपून फिरवावा लागे. लहानपणी लूमच्या पट्ट्यात अम्माचे केस ओढले गेले होते. तिथं रुपयाएवढी जागा कायमची उघडी राहिली होती.

धनलक्ष्मीच्या डोक्याला चाई लागली. बघता बघता डोक्यावरचे सगळे केस गेले, भुवयाही गेल्या. तेव्हा अम्मा बालाजीच्या तसबिरीपुढं उभी राहिली. “पोरीच्या केसांसाठी माझे देते,” म्हणाली. तेव्हापासून टोकांनाही कात्री लागली नाही. तिरुपतीचं तिकीट काढलं. निघायच्या आदल्या दिवशी भिंतीला टेकून बसली, ती उठलीच नाही. केस तिच्याबरोबर जळाले.

“धनलक्ष्मीताई, शेवटचा फोटो होईपर्यंत कात्री लावली नाहीत ना? टोकांनाही?”

धनलक्ष्मी दचकली. समोर डॉक्टर ऋतुजा होत्या, हातात भिंग. सात रस्त्याजवळच्या या दवाखान्यात चाईवरच्या नव्या गोळीची चाचणी चालली होती. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी साधी. कुणाला कुठली, हे शेवटपर्यंत डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. बालाजीचं नाव घेऊन धनलक्ष्मी रोज गोळी घ्यायची. शनिवारचा उपास तिनं एकदाही मोडला नव्हता.

आणि केस आले होते. आधी पांढरी लव, मग दाट, मानेवर रुळणारे. पांढरेच. “आधी पांढरेच येतात, घाबरायचं नाही,” डॉक्टर म्हणाल्या होत्या. पण धनलक्ष्मीचे पूर्वीचे केस काठीसारखे सरळ होते. हे लाटालाटांचे होते. चाचणी संपेपर्यंत डोक्याला तेल लावायचं नव्हतं, तिनं लावलंही नव्हतं. तरी सकाळी उशीच्या अभ्र्याला मेथीच्या तेलाचा वास यायचा. अम्मा घरी कढवायची त्या तेलाचा. धनलक्ष्मी अभ्रा धुवायची. वास परत यायचा.

मागच्या शनिवारी न्हाऊन ती अंगणात केस वाळवत पाठमोरी बसली होती. वडील, तिचे नान्ना, बाहेर आले. नान्नांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उंबऱ्यात थांबून म्हणाले, “नरसव्वा, चहा ठेवतीस का?”

नरसव्वा अम्माचं नाव. धनलक्ष्मीनं उठून चहा ठेवला. कपात ओतताना तो बशीतच जास्त सांडला.

“बाकी सगळं भरलंय बघा,” डॉक्टर भिंगातून बघत म्हणाल्या. “डाव्या कानाच्या वर तेवढी रुपयाएवढी जागा राहिलीय. गंमतच आहे. गुळगुळीत आहे, जुन्या व्रणासारखी. तिथं कधी लागलं होतं का?”

“मला नाही,” धनलक्ष्मी म्हणाली.

फोटो झाले. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर तिचं नाव काढलं. बराच वेळ पडद्याकडं बघत राहिल्या. मग हसल्या, पण नेहमीसारख्या नाही.

“ताई, तुम्ही तर आमचं गणितच बिघडवलंत. तुम्हाला साधी गोळी होती. औषध नव्हतंच.”

“मग हे कुणी आणले?”

“कधी कधी आपोआप येतात. आता खरं औषध सुरू करू, काळेही होतील कदाचित. पण हे आलेत ते जपा. गेले तर परत येतीलच, असं मी सांगू शकणार नाही.”

“आता कात्री लावली तर चालेल?”

“माझं काम झालं. पण कशाला हो? एवढ्या वर्षांनी आलेत!”

धनलक्ष्मी रिक्षात बसली नाही. सात रस्त्याच्या कोपऱ्यावर तिनं मोगऱ्याचा गजरा घेतला. चाई लागल्यापासून पहिला.

“स्कार्फ काढ की गं, मी माळते,” फुलवाली सोजरबाई म्हणाली. गजरा माळता माळता तिचा हात थांबला. “लई देखणे हायेत. कुणावर गेलेत गं?”

धनलक्ष्मीनं पैसे दिले. त्या संध्याकाळी ती आरशासमोर दिवा लागेपर्यंत बसली. गजरा काढून परत माळला. एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. तिला रडू आलं, तेही तिनं आरशातच बघितलं. मग गजरा काढून बालाजीच्या तसबिरीला घातला.

पहाटे दार उघडताना कडी वाजली. नान्ना जागेच होते.

“कुटं निघालीस, बिड्डा?”

“तिरुपतीला. अम्माचा राहिलेला नवस फेडायला, डोकं द्यायला.”

नान्ना खाटेवर उठून बसले. “ती गेली तवाच सांगितलं होतं की तुला. ज्यानं नवस बोलला, त्याच्याच डोक्यावरचे लागतात. दुसऱ्याचे देव घेत न्हाय. एवढ्या वर्षांनी तुझे आलेत, ते कशाला घालवतीस?”

धनलक्ष्मी खाटेजवळ खाली बसली. स्कार्फ सोडला. नान्नांचा हात धरून तिनं स्वतःच्या डोक्यावर ठेवला. म्हातारी बोटं लाटांवरून सावकाश खाली आली. डाव्या कानाच्या वर त्या उघड्या जागेवर पोचली आणि तिथंच थांबली.

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. नान्नांनी हात काढला नाही.

“लई दिवस राहिलं होतं तुझं,” ते शेवटी हळू आवाजात म्हणाले. “जाऊन ये, नरसव्वा. अन् पोरीचे घेऊन ये.”

धनलक्ष्मीनं स्कार्फ बांधला, पिशवी उचलली आणि ‘येते’ म्हणून स्टेशनची वाट धरली.