चाळीस बाटल्यांचा निकाल

"पायातला मोजा काढा, दादा," डॉक्टरीणबाई म्हणाली.

सुतारदादाने पाय स्टुलावर ठेवला. वर्षापूर्वी या अंगठ्याची जखम चिघळून काळी पडली होती. शहरातल्या सर्जनने तो कापायची तारीखही दिली होती. आता तिथे नुसता गुलाबी व्रण उरला होता.

"छान भरलीय," ती म्हणाली. चेहऱ्यावर मात्र आनंद नव्हता.

सभाघरात माणसं भिंतीला टेकून बसली होती. ही इथली मूळची वस्ती. शहर नंतर आलं. याआधीही संशोधक आले, रक्त काढून घेऊन गेले, ते पुन्हा फिरकलेच नाहीत. म्हणून या लोकांपासून काहीही लपवायचं नाही, असं डॉक्टरीणबाईने पहिल्याच दिवशी मनाशी ठरवलं होतं.

मधुमेहाच्या नव्या गोळीची चाचणी होती. जुनी औषधं चालूच ठेवायची आणि त्यांच्या जोडीला ही घ्यायची. चाळीस रोगी, महिन्याला चाळीस बाटल्या. विसांत औषध, विसांत नुसत्या पिठाच्या गोळ्या. दिसायला अगदी सारख्या. कोणाच्या वाट्याला काय आलं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. यादीची एक प्रत कार्यालयात होती, दुसरी तिच्याजवळ बंद पाकिटात.

हे तिने याच खोलीत दोन दिवस बसून समजावलं होतं. वस्तीतली थोरली बाई, जिला सगळे आक्का म्हणत, तिने एकच विचारलं होतं, "म्हणजे अर्ध्या घरांनी नुसतं बघत बसायचं?"

"वर्षभरच, आक्का."

आक्काने मान डोलावली होती. त्यानंतर दर महिन्याला चाळीस रिकाम्या बाटल्या परत यायच्या. एक गोळी उरलेली नसायची. इतकी शिस्त डॉक्टरीणबाईने मोठ्या इस्पितळातही पाहिली नव्हती.

"निकाल सांगते," ती आता म्हणाली. "कार्यालयाने त्यांच्याकडच्या यादीशी ताडून पाहिलं. साखर सगळ्यांची उतरली. औषधवाल्यांची जेवढी, तेवढीच पिठवाल्यांची."

"बरंच झालं की," आक्का म्हणाली. "कोणी मागे राहिलं नाही."

"तसं नाही, आक्का. पिठानेही तेवढाच फरक पडला, म्हणजे गोळीत काही दम नाही. तुमचं चालणं वाढलं, खाणं सांभाळलं, त्याचा गुण असेल. गोळी आजपासून बंद. पुढे कोणी बनवणारही नाही."

खोलीत चुळबुळ झाली. सुतारदादा अंगठ्याकडे बघत राहिला. "माझी जखम चालण्याने भरली म्हणता? चार पावलं टाकली की बायकोला हाक मारत होतो मी."

"ती तर आजही मारता," मागून त्याची बायको म्हणाली. दोघं-चौघं हसले.

डॉक्टरीणबाईचा फोन वाजला. कार्यालयातून तिचा सहकारी विचारत होता, अहवाल पाठवून देऊ का? एकदा वर गेला की फाईल बंद. तिने सात वर्षं या गोळीमागे घातली होती.

"पाठव," ती म्हणाली.

मग तिने पाकीट फोडलं. कोणाला काय मिळालं हे सांगायचा शब्द दिला होता, तो पाळायला हवा होता. यादीवरून बोट फिरवत ती सुतारदादाच्या ओळीवर थांबली.

"दादा, तुमची बाटली पिठाची होती बघा."

"त्याची बाटली कुठली?" आक्का समजुतीच्या सुरात म्हणाली. "अर्ध्या घरांना पीठ मिळणार हे तुम्हीच सांगितलंत ना, बाई? मग दर महिन्याला तुमची गाडी वळली की चाळीसही बाटल्या आम्ही एका पातेल्यात ओतायचो, ढवळायचो आणि मोजून सगळ्यांना सारख्या वाटायचो."