तीस टोप्या

टीव्हीवर नव्या खेळाडूंच्या साठही निवडी जाहीर झाल्या. कॉलेज गाजवलेल्या जेरेलला व्यावसायिक बास्केटबॉलच्या एकाही संघाने घेतलं नाही. जो संघ घेईल त्याची टोपी घालायला मामाने तीसही संघांच्या टोप्या आणल्या होत्या. आई त्या परत खोक्यात भरू लागली. "गुडघ्याचं ऑपरेशन सगळ्यांना ठाऊकच होतं," जेरेल म्हणाला, "बरा झाल्याचं डॉक्टरांनीही लिहून दिलं. मग माशी कुठे शिंकली?" महिनाभर चौकशीला घरी येणाऱ्या प्रत्येक संघाच्या माणसाला तळलेला मासा वाढताना आईने सांगितलं होतं, "वाघ आहे माझा! गुडघा वाकेना तर जिना बसून उतरतो, पण सरावाला दांडी नाही!" ते टिपून घेत. तिला वाटे, कौतुकच लिहितायत. "कुणीतरी चुगली केली, मम्मा. तू तरी चांगलं सांगितलंस ना?" खोक्यात मान घालून ती म्हणाली, "चांगलंच सांगितलं रे."