एका फुंकरीचा चंबू

बाबांनी कारखान्याच्या खिडकीत एकवीस चंबू ओळीने मांडले होते. प्रयोगशाळांसाठी काचेची भांडी फुंकण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती, पण ही ओळ विकायची नव्हती. प्रत्येक चंबूवर तारीख होती. प्रत्येक एकाच फुंकरीत फुगवलेला, तोही सकाळची अननसाची कॅप्सूल घेतल्यावर. पहिला लिंबाएवढा, शेवटचा चांगला मोसंब्याएवढा.

"बघ," ते मुलीला म्हणाले. "आणि म्हणे पुरावा दाखवा!"

पुरावा मागायची खोड तिचीच. ती औषधांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. अननसातल्या पाचक रसाने छातीतला कफ पातळ होतो, असं डबीवर छापलं होतं. डबीवर काय, काहीही छापतात, असं ती म्हणाली होती. बाबांनी वाद घातला नाही. सरळ प्रयोग मांडला.

"आणि एकदम चोख हं. गुण कॅप्सूलचा आणि श्रेय पंपाला, असं नको. डॉक्टरांनी दिलेला दम्याचा पंप तीन आठवडे कपाटात आहे."

मघाशी चार पायऱ्या चढताना ते दोनदा का थांबले होते, हे आता तिला उमगलं. पण रागवायच्या आधी तिला चंबू मोजायचे होते. शेवटी मुलगी त्यांचीच.

एकेका चंबूत पाणी भरून तिने ते मोजपात्रात ओतलं. पहिला चाळीस मिलिलिटर. शेवटचा एकशे नव्वद.

"फुफ्फुस तीन आठवड्यांत पाचपट होत नाही, बाबा."

"माझं झालंय की!" म्हणता म्हणता त्यांना खोकल्याची उबळ आली.

तिने शेवटचा चंबू उजेडात धरला. काच कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ होती. पहिल्याची जाडजूड होती.

"आत्ता एक करून दाखवा ना."

त्यांनी बर्नर पेटवला आणि काचेची नळी ज्योतीत धरून फिरवायला घेतली. मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिची नजर घड्याळावर होती.

"पहिल्या दिवशी किती वेळ तापवली होती?"

"घड्याळ लावून कोण तापवतं? काचच सांगते, आता फुंक."

"मग आताशा ती बराच वेळ थांबवते तुम्हाला. दोन मिनिटं होत आली."

बाबांनी नळी ज्योतीबाहेर काढली. जास्त तापलेली काच थोडक्या फुंकरीतही फुगते, हे त्यांनी कितीतरी शिकाऊ कारागिरांना सांगितलं होतं. त्यांनी पहिला आणि शेवटचा चंबू दोन हातांत घेतले, वजन केल्यासारखे तोलले, उजेडात फिरवून पाहिले.

"म्हणजे श्वास कमी पडायला लागला," ते सावकाश म्हणाले, "आणि हाताने सांभाळून घेतलं? मला न विचारता?"

त्यांना वाईट वाटलं, पण त्याहून जास्त नवल वाटलं.

मुलीने पिशवीतून एक प्लॅस्टिकची नळी काढली. श्वासाचा जोर मोजायची, आकडे छापलेली, वर लाल काटा. कॅप्सूलचा गुण मोजायला म्हणून येताना तिने ती औषधाच्या दुकानातून घेतली होती.

"यात फुंका. आकडा कमी आला तर आजपासून पंप सुरू. कबूल?"

"कबूल." त्यांनी ती उलटसुलट केली, नखाने वाजवून पाहिली. "यात तापवायचं काय?"

"काही नाही, बाबा. नुसतं फुंकायचं."

बाबांनी छाती भरून घेतली आणि फुंकलं. लाल काटा जरासा सरकला आणि अडला. छातीतली हवा संपली, तरी त्यांनी ओठ काढले नाहीत. दोन्ही हातांची बोटं ती प्लॅस्टिकची नळी हलके हलके, सारख्या वेगाने फिरवत राहिली.